कयाक, खाडी आणि अष्टमीचं गणित

दोस्तांनो, आधी एक सोपा प्रश्न. भाईंदर आणि मीरा रोड कुठे आहेत? ‘ठाणे जिल्ह्यात!’ शाब्बास. आता जरा अवघड प्रश्न. ही गावं मुख्य जमिनीवर आहेत की बेटावर?

हसू नका, नकाशा उघडा. उत्तरेला वसईची खाडी. पूर्वेला ठाण्याची खाडी. पश्चिमेला थेट अरबी समुद्र. आणि दक्षिणेला मुंबईची जुनी सात बेटं, जी मधल्या पाण्यात भराव टाकून नंतर जोडली गेली. म्हणजे मुळात चारी बाजूंनी पाणीच! या बेटाचं नाव साष्टी. सहासष्ट गावांचं बेट म्हणून साष्टी, असं सांगतात. २०११ च्या जनगणनेत एकट्या मीरा-भाईंदर शहरात आठ लाखांहून जास्त माणसं मोजली गेली. ही सगळी मंडळी बेटावरचीच की!

पण गंमत बघा. भाईंदरहून नायगावला जाणारी लोकल पुलावर चढते, खाली पाणी चकाकतं, मध्येच पाणजू बेटाची हिरवळ दिसते आणि काही मिनिटांत सगळं संपतं. पुन्हा इमारती सुरू. रोज हजारो माणसं या पाण्यावरून जातात, पण त्या पाण्याला हात लावलेली माणसं किती निघतील?

समजा, त्याच पाण्यातून आपण होडीने निघालो तर? तीही इंजिनाची होडी नाही. स्वतःच्या हातांनी वल्हवायची, एका माणसापुरती, चिंचोळी होडी. बरोबर तीन दोस्त, त्यांच्या तीन होड्या. आणि जायचं कुठे? खाडीच्या तोंडापर्यंत आणि तिथून वळसा घालून उत्तनच्या काळ्या खडकांच्या किनाऱ्यावर!

ही सफर आज आपण कागदावर करणार आहोत. कारण या खेळात हातांच्या आधी डोकं लागतं, आणि डोक्याचं काम घरबसल्या करता येतं. चला तर मग!

सीलच्या कातड्याची होडी

या होडीचं नाव कयाक. हा शब्द इन्युइट लोकांच्या भाषेतला. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का अशा बर्फाळ मुलखात ही माणसं राहतात. तिथे होडी कोरून काढण्याइतकी मोठी झाडं कुठून आणायची? मग त्यांनी समुद्रातून वाहून आलेली लाकडं आणि प्राण्यांची हाडं जोडून सांगाडा केला आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवलं. वर फक्त एका माणसाला कंबरेपर्यंत आत बसता येईल एवढं भोक ठेवलं. झाली होडी! आपण कपडे शिवायला माप देतो ना, तशी ही होडी शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने बनायची. ती पाण्यावर आवाज न करता सरकायची, म्हणून शिकारीला उत्तम.

आजची कयाक प्लॅस्टिकची किंवा फायबरग्लासची असते. समुद्रात नेण्याची कयाक साधारण पाच मीटर लांब आणि जेमतेम साठ सेंटिमीटर रुंद. तिच्या पुढच्या आणि मागच्या भागात हवाबंद कप्पे असतात. मध्ये पाणी भरलं तरी हे कप्पे तिला बुडू देत नाहीत. शिकाऊ मुलांसाठी वर बसायच्या, रुंद कयाकही मिळतात.

वल्हं एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. बघायला सोपं वाटतं. पण नवा माणूस नुसत्या दंडांच्या जोराने वल्हवतो आणि अर्ध्या तासात ‘आई गं!’ म्हणत खांदे चोळत बसतो. मुरलेला माणूस कंबरेतून वळतो. पाय होडीत घट्ट टेकवून सगळ्या धडाचा जोर वल्ह्याला देतो. दंड लवकर थकतात. पाठ आणि पोट तासन् तास साथ देतात.

आपल्या किनाऱ्यावरून गेलेला जर्मन

एवढ्याशा होडीतून किती लांब जाता येईल? आता ऐका.

ऑस्कर स्पेक नावाचा एक जर्मन तरुण होता. व्यवसायाने वीजतंत्री. जगभर मंदी आली आणि त्याचं काम गेलं. सायप्रस बेटावरच्या तांब्याच्या खाणीत नोकरी मिळेल या आशेने तो १९३२ साली जर्मनीतल्या उल्म गावाहून घडीच्या कयाकमधून डॅन्यूब नदीवर निघाला. लाकडी सांगाडा आणि वर रबर लावलेलं कापड, अशी ती होडी. वाटेत त्याला या प्रवासाचीच चटक लागली. खाण राहिली बाजूला! भूमध्य समुद्र, युफ्रेटिस नदी, इराणचं आखात असं करत तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याने खाली उतरला आणि १९३५ साली सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचला. पुढे ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशियाची बेटं. शेवटी सप्टेंबर १९३९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या सायबाई बेटावर उतरला. सात वर्षं आणि सुमारे पन्नास हजार किलोमीटर!

पण नेमकं त्याच महिन्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. ऑस्ट्रेलियाच्या दृष्टीने जर्मन माणूस म्हणजे शत्रू. पोलिसांनी आधी त्याचं अभिनंदन केलं आणि मग त्याला अटक केली, असं सांगतात! युद्ध संपेपर्यंत तो छावणीत कैदेत होता. त्याच्याच वाटेने पुढे सँडी रॉबसन ही ऑस्ट्रेलियन बाई २०११ साली निघाली आणि टप्प्याटप्प्याने वल्हवत २०१६ साली सायबाईला पोचली.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या कौस्तुभ खाडेने २०१५ साली मुंबई ते गोवा हा प्रवास एकट्याने कयाकमधून केला. पुढे २०१६-१७ मध्ये तो गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटर वल्हवत गेला. त्या वेळी शांजली शाही ही त्याची जोडीदार किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल चालवत त्याला साथ देत होती. एक पाण्यावर, एक जमिनीवर! हे नीट लक्षात ठेवा. ‘एकट्याने केलेल्या’ प्रवासातसुद्धा कुणीतरी सोबत लागतंच.

खाडीतून उत्तनकडे

आता आपली सफर. भाईंदरच्या धक्क्यावरून निघालं की तोंड पश्चिमेला करायचं. पाठीमागे रेल्वेचे पूल आणि पाणजू बेट. त्याच्याही मागे, खाडीच्या वरच्या अंगाला, घोडबंदर. पोर्तुगीजांच्या काळात तिथे घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून ते नाव पडलं. हे सगळं पाणी उल्हास नदीचं. कर्जतकडून येणारी ही नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते.

डाव्या हाताला तिवरांची दाट झाडी. तिच्यामागे राई, मुर्धा, मोर्वा ही गावं आणि मिठागरं. उजव्या हाताला वसई. जसजसं पुढे जाल तसतशी खाडी रुंद होत जाते आणि एके ठिकाणी उजवीकडे वसईच्या किल्ल्याची तटबंदी दिसू लागते. समोर डावीकडे डोंगरी आणि चौक गावांचा डोंगर. तिथे धारावीचा किल्ला होता. मुंबईतल्या धारावीशी याचा काही संबंध नाही बरं का! वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेला ही जागा फार महत्त्वाची होती. कारण उघड आहे. खाडीच्या तोंडावर ज्याची नजर, त्याची वसईला जाणाऱ्या गलबतांवर नजर. मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली.

हे टोक ओलांडलं की समुद्र सुरू. चौक, पाली, उत्तन ही कोळ्यांची गावं एकापुढे एक लागतात. काळा कातळ, त्यावर फुटणाऱ्या लाटा, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, किनाऱ्याजवळ वेलंकनी मातेचं देवस्थान. भरतीला बुडणारे आणि ओहोटीला डोकं वर काढणारे खडकही इथे आहेत. त्यांच्यावर कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार पात्यासारखी. अनवाणी उतरलात तर तळवे सोलून निघतील, म्हणून पायांत बूट हवेतच.

‘शहर तर इतकं जवळ आहे, मग भीती कसली?’ असं तुम्ही म्हणाल. इथेच सगळे फसतात. किनाऱ्यापासून दोन किलोमीटर आत गेलात की इमारती दिसतात, दिवे दिसतात, पण तुमची हाक कुणालाही ऐकू जात नाही. आठ लाख माणसांच्या शहरासमोर तुम्ही अगदी एकटे असता. तिथून परत आणतं ते डोकं. आणि दोस्त.

गणिताच्या पुस्तकातली होडी

‘नावेचा संथ पाण्यातील वेग ताशी ५ कि.मी. आणि प्रवाहाचा वेग ताशी ३ कि.मी. असल्यास...’ आठवतंय ना हे उदाहरण? परीक्षेत ते कंटाळवाणं वाटतं. खाडीत ते जिवाचं होतं.

ओहोटीचं पाणी समुद्राकडे धावतंय. तुम्ही त्याच्याबरोबर निघालात. वेग ५ अधिक ३, म्हणजे ८. चार किलोमीटर अंतर अर्ध्या तासात पार! सगळे खूष. ‘अरे, किती सोपं आहे!’ आता परत फिरा. वेग ५ वजा ३, म्हणजे २. तेच चार किलोमीटर यायला दोन तास. जाताना लागला त्याच्या चौपट वेळ!

अजून पुढे बघा. दमल्यामुळे तुमचा वेग ताशी ४ वर आला. ४ वजा ३, म्हणजे १. आता चार तास लागणार. आणि वेग ३ वर आला तर? उत्तर शून्य. तुम्ही जीव तोडून वल्हवताय आणि काठावरचं झाड जागच्या जागी उभं! जाताना जे पाणी दोस्त वाटत होतं, तेच आता तुम्हाला समुद्राकडे खेचतंय.

मग काय, ताकद वाढवायची? नाही. पाण्याशी कुस्ती कुणी जिंकत नाही. पाणी आपल्या बाजूला कधी असतं, हे आधी ओळखायचं. त्यासाठी घड्याळ आणि पंचांग जवळ घ्या.

तिथीची पाऊणपट

भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने होते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. आपल्याकडे रोज साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

यावरून कोकणातल्या जुन्या माणसांनी एक झकास युक्ती काढली. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळेल! तिथीला ३ ने गुणा आणि ४ ने भागा. चतुर्थी आहे? ४ गुणिले ३, बारा. भागिले ४, तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमारास, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी. अष्टमी? सहा. शुक्ल पक्ष असो की वद्य पक्ष, रीत तीच.

पडताळा हवा? अनंत चतुर्दशी घ्या. १४ ची पाऊणपट साडेदहा. गणपती विसर्जनाच्या दिवशी मुंबईची सकाळची भरती अकराच्या सुमारास येते. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडला, कारण हा अंदाज आहे. शिवाय खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. पाण्यात उतरायचं असेल तेव्हा छापील कोष्टकच बघायचं. पण डोक्यात एवढा हिशेब असला की कोष्टकातली चूक, किंवा आपण चुकून वाचलेली भलतीच तारीख, चटकन ध्यानात येते.

आता दुसरी गोष्ट. सगळ्या भरत्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एकाच रेषेत येऊन ओढतात. तेव्हा येतं उधाण. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणात पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, कधी त्याहूनही जास्त. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते. तेव्हा असतो भांग. पाणी दीड-दोन मीटरच हलतं. कमी पाणी हलणार म्हणजे प्रवाहही मंद.

आणि तिसरी गोष्ट. पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन भाग, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. समजा एकूण ३६० सेंटिमीटर चढायचं आहे. मग ३०, ६०, ९०, ९०, ६०, ३०. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी आत घुसतं! प्रवाह सगळ्यात जोरात तेव्हाच.

पौर्णिमेचा रविवार की अष्टमीचा बुधवार?

आता वाऱ्याचं एक वाक्य, मग उत्तर काढू. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे. हेही भूगोलात आहेच.

समजा पौर्णिमा रविवारी आली. सगळ्यांना सुट्टी. भरती बाराच्या सुमारास, म्हणून तुम्ही जेवून एक वाजता निघालात. ओहोटी तुम्हाला सपाट्याने खाडीच्या तोंडाशी नेते. उधाणाची ओहोटी, फार जोराची. तोंडाशी समोरून खारा वारा येतो. पाणी बाहेर धावतंय आणि वारा आत रेटतोय. दोघांची टक्कर झाली की लाटा उंच, उभ्या आणि जवळजवळ उठतात. छोट्या होडीला याहून वाईट पाणी नाही. परत फिरायचं तर प्रवाह अंगावर. पाणी उलटायला संध्याकाळचे सहा वाजणार, आणि तेव्हा सूर्य मावळलेला. काठाला लागायचं? ओहोटीमुळे काठाला गुडघ्याएवढा चिखल. त्यात पाय रुतला की निघत नाही.

आता अष्टमी. भरती सहाच्या सुमारास पूर्ण. सातला उजाडल्यावर निघा. ओहोटी सुरू झालेली, पण भांगाची, म्हणजे शांत. पाठीमागून हलका मतलई वारा. काठ धरून, मध्ये न जाता, खाडीच्या तोंडाकडे सरका. दहाच्या सुमारास उत्तन गाठा. पाणी प्या, खा, सावलीला बसा. बाराच्या सुमारास ओहोटी संपते आणि पाणी उलटतं. आता भरती तुम्हाला घरी नेणार, आणि दुपारचा खारा वारा मागून ढकलणार. जातानाही पाणी आपलं, येतानाही पाणी आपलं!

पण अष्टमी बुधवारी आली तर? मग सुट्टीतल्या अष्टमीची वाट बघायची. रविवार आपल्या सोयीचा असतो, समुद्राच्या नाही.

आणि पावसाळ्यात? नाव काढायचं नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करूनच कोळी बांधव नवा हंगाम सुरू करतात. आयुष्य समुद्रावर काढलेली माणसं जेव्हा होडी काठाला ओढून ठेवतात, तेव्हा आपण कोण?

डोलकराचं शेत

उत्तनच्या समुद्रात डोल जाळी लावतात. ही जाळी म्हणजे एक लांबलचक पिशवी. ती समुद्रात पक्की बांधून ठेवायची, तोंड प्रवाहाकडे. प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा, करंदी आत येतात. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकलं की जाळं उचलायचं. प्रवाह जोराचा तर मासळी भरपूर. म्हणजे बघा, आपल्याला सोयीचा भांग डोलकराच्या कामाचा नाही, आणि त्याच्या कमाईचं उधाण आपल्या कामाचं नाही!

म्हणून पाण्यावर तरंगणारे बोये दिसले की लांबून वळसा घ्या. बोयाला होडी बांधू नका. ते कुणाचं तरी शेत आहे. आणि निघण्याआधी काठावरच्या एखाद्या तांडेलकाकांना विचारा, ‘काका, आज दर्या कसा आहे?’ ते जर नुसतं आभाळाकडे बघून ‘आज नको रे पोरांनो’ म्हणाले, तर मुकाट घरी या. कोष्टकात छापलेलं नसतं असं पुष्कळ काही त्यांना दिसतं.

तिघांपेक्षा कमी नाही

आता दोस्तांकडे वळू. चौघं निघालात आणि एकाची कयाक उलटली, तर?

उलटलेल्याने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे होडी सोडायची नाही. माणसाचं डोकं लाटांत दिसत नाही, होडी दिसते. दुसऱ्या दोस्ताने आपली कयाक तिच्या टोकाशी आडवी आणायची आणि ते टोक उचलून पाणी ओतून टाकायचं. मग ती सुलटी करून आपल्या होडीला समांतर लावायची आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायची. आता पाण्यातल्याने पाय मारत पोटावर होडीवर चढायचं आणि हळूच आत बसायचं. तोपर्यंत तिसरा काय करतो? वाहून जाणारं वल्हं पकडतो आणि आपण सगळे खडकांकडे तर वाहत नाही ना, यावर नजर ठेवतो.

मोजा. एक पडणारा, एक उचलणारा, एक बघणारा. म्हणूनच समुद्रात तिघांपेक्षा कमी जायचं नाही. आणि हे सगळं आधी तलावात वीस-पंचवीस वेळा मुद्दाम उलटून शिकायचं. समुद्रात पहिल्यांदा नाही!

वेग किती ठेवायचा? सगळ्यात हळू जाणाऱ्याचा. जो पुढे धावतो तो चांगला वल्हेकरी नव्हे. ज्याला मागच्याचा चेहरा दिसतो, तो चांगला.

आणि आता या सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. परत फिरण्याची वेळ किनाऱ्यावर असतानाच ठरवा. ‘कुठेही असलो तरी अमुक वाजता फिरायचं.’ शिवाय चौघांपैकी कुणीही, अगदी कुणीही, ‘चला परत’ म्हणालं, तर सगळ्यांनी परत फिरायचं. कारण विचारायचं नाही. मतदान घ्यायचं नाही. घाबरट, भित्री भागूबाई असलं काही चिडवायचं नाही. तेव्हाही नाही आणि दुसऱ्या दिवशी वर्गातही नाही.

का सांगतो, ऐका. ज्याच्या पोटात ढवळतंय, ज्याच्या दंडात गोळे आलेत, ज्याला ढग वेगळे वाटताहेत, तो बहुतेक वेळा बोलतच नाही. ‘सगळे हसतील’ म्हणून गप्प बसतो. आणि अर्ध्या तासाने त्याचा वेग ताशी ३ वर येतो. गणित आठवतंय ना? उत्तर शून्य! दोस्ती कशाला म्हणतात, हे समुद्र चांगला शिकवतो. ‘चल, पुढे जाऊ’ असं कुणीही म्हणतं. ‘मला परत जायचंय’ हे ज्यांच्यासमोर न लाजता म्हणता येतं, ते दोस्त.

निघण्याआधी

हे वाचून उद्याच होडी शोधायला जाऊ नका! क्रम असा. आधी पोहायला शिका. मग शांत तलावात प्रशिक्षकाकडे वल्हवायला. शाळा-कॉलेजात एन.सी.सी.चा नौदल विभाग असेल तर तिथे होडी वल्हवण्याचं शिक्षण मिळतं. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही आहे. समुद्रात जायचं ते आईबाबांच्या परवानगीने, जाणकार मोठ्या माणसांबरोबर आणि इंजिनाची एक होडी सोबत घेऊनच.

प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं, होडीत ठेवलेलं नव्हे, अंगात! गळ्यात शिट्टी. डोक्याला टोपी. माणशी किमान दोन-तीन लिटर पिण्याचं पाणी, कारण चहूकडे पाणी असलं तरी त्यातला थेंब पिता येत नाही. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. उत्तनला सागरी पोलीस ठाणं आहे, तिथे आधी कळवायचं. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४, तो पाठ करा. घरी एक कागद ठेवा. कोण गेलं, किती वाजता, कोणत्या वाटेने, आणि किती वाजेपर्यंत परतलो नाही तर शोध सुरू करायचा.

आणि लोकलने पुलावरून जाताना निर्माल्य, नारळ खाली फेकू नका. दुसऱ्या कुणी फेकत असेल तर ‘काकू, खाली होडी असेल हो’ असं नम्रपणे सांगा. पाणजूची माणसं त्या पाण्यातून ये-जा करतात.

आता घरचा अभ्यास. आज रात्री भिंतीवरच्या दिनदर्शिकेत उद्याची तिथी बघा. पाऊणपट करा. भरतीची वेळ वहीत लिहा. मग मोठ्या माणसांबरोबर खाडीच्या काठी जाऊन धक्क्याच्या एखाद्या दगडावर नजर ठेवा. पाणी तिथपर्यंत खरंच किती वाजता चढलं, ते शेजारी लिहा. असं पंधरा दिवस करा, प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत किंवा पौर्णिमेपर्यंत. तुमचा हिशेब आणि खाडीचा हिशेब यांत किती मिनिटांचा फरक पडतो, ते तुमचं तुम्हालाच कळेल. तो फरक ज्याला पाठ झाला, त्याला खाडी थोडी ओळखू लागली म्हणायची!